अश्व : चालणारा आणि चरणारा

विजयादशमीच्या दिवशीं शस्त्रांबरोबर अश्वाचीही पूजा करण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. ज्यांच्या दारीं घोडा बांधलेला असे तीं घराणीं आतां विरळा; तथापि लग्नाच्या वरातींत, माथेरानच्या तांबड्या वाटांवर, जत्रेंत, शर्यतीच्या मैदानावर घोडा आजही आपल्या दृष्टीस पडतो. मुलें त्याच्या पाठीवर बसण्याचा हट्ट धरतात, वडील मंडळी पैसे मोजतात, आणि अर्ध्या घटकेंत तो प्रसंग विसरला जातो. या प्राण्याच्या कातडीखालीं काय आहे, तो काय खातो, कशानें आजारी पडतो, हें मात्र सुशिक्षित घरांतही फारसें कोणास ठाऊक नसतें. हें अज्ञान निरुपद्रवी असतें तर त्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु घोड्याचे पुष्कळसे प्राणघातक विकार दैवानें येत नाहींत. ते माणसाच्या हातून होतात, आणि तेही अनेकदां प्रेमानें चारलेल्या घांसानें.

यास्काचार्यांनीं निरुक्तांत 'अश्व' या शब्दाची व्युत्पत्ति दोन प्रकारें लाविली आहे. मार्ग व्यापतो तो अश्व, ही एक. आणि पुष्कळ खातो तो अश्व, ही दुसरी. आजचे भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तींस कितपत मान देतील हा प्रश्न निराळा. परंतु प्राणिशास्त्रज्ञानें घोड्याचें वर्णन दोन शब्दांत करावयाचें ठरविल्यास त्यास याहून अचूक शब्द मिळणें कठीण. संस्कृतांतील 'चर्' धातूचेही चालणें आणि खाणें असे दोन अर्थ आहेत, आणि आपल्या मराठींतील 'चरणें' या क्रियापदांत ते एकत्र नांदतात. चरणारें जनावर एक पाऊल टाकतें, एक घांस घेतें, पुन्हां पाऊल टाकतें. मोकळ्या माळावरचा घोडा अहोरात्रांतील १० ते १६ तास याच उद्योगांत घालवितो, आणि त्याचें सारें शरीर त्यासाठींच घडलेलें आहे. चालणें व खाणें यांची ही जोडी माणसानें फोडली, कीं रोगास दार मोकळें झालें, एवढेंच या लेखाचें सार आहे.

भाकरी कां करपली, विड्याचें पान कां सडलें, घोडा कां अडला, असें कोडें आपल्याकडील आज्या मुलांस घालीत. तिन्हींचें उत्तर एकच : न फिरविल्यामुळें. उपलब्ध असलेल्या अश्वविषयक लेखांतील एक अत्यंत प्राचीन लेख म्हणजे जणूं या उत्तराचाच विस्तार होय. सुमारें ३४०० वर्षांपूर्वीं मितन्नि राज्यांतील किक्कुली नांवाच्या अश्वशिक्षकानें सांगितलेला पाठ हित्ताइट लोकांच्या राजधानींत, म्हणजे आजच्या तुर्कस्थानांतील बोगाझकोई येथें, मातीच्या विटांवर लिहिलेला सांपडला. रथाच्या घोड्यांस कोणत्या दिवशीं किती चालवावें, केव्हां पाणी पाजावें, केव्हां दाणा व गवत घालावें, याचा क्रम त्यांत दिलेला आहे. आणि त्यांतील फेऱ्यांचीं नांवें एक, त्रि, पञ्च, सप्त, नव या आपल्या संख्यावाचकांशीं जुळणारीं आहेत. फिरविणें आणि चारणें हीं दोन्ही कामें त्या शिक्षकानें एकाच पाठांत घातलीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

भारतांत हें शास्त्र शालिहोत्राच्या नांवानें चालत आलें. नकुलाच्या नांवावर असलेलें 'अश्वचिकित्सित' आणि जयदत्ताचें 'अश्ववैद्यक' हे ग्रंथ मुद्रित स्वरूपांत उपलब्ध आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रांत तर अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. उत्तम घोड्यास भात, जव, मूग, उडीद यांपैकीं धान्य किती, स्निग्ध पदार्थ किती, मीठ किती, याचीं मापें तेथें दिलीं आहेत. चिकित्सेच्या दोषानें रोग बळावला तर वैद्यानें खर्चाच्या दुप्पट दंड द्यावा, आणि जनावर दगावलें तर त्याची किंमत भरावी, असाही तेथें नियम आहे. अर्थात् जुनें तें सर्वच ग्राह्य नव्हे. त्याच आहारांत मांस आणि सुराही सांगितली आहे. पञ्चतंत्रांतील एका कथेंत भाजलेल्या घोड्यांवर वानरांच्या वसेचा उपचार सांगून वैद्यांनीं वानरांच्या कळपावर अनर्थ ओढवून घेतला, तो वाचकांस स्मरत असेल. घोड्याच्या रंगाचीं आणि भोंवऱ्यांचीं शुभाशुभ फलें सांगण्यांत या ग्रंथांनीं पुष्कळ पानें खर्च केलीं आहेत, आणि भोंवरे पाहून घोडा घेणारीं माणसें आजही भेटतात. भोंवऱ्यावरून ना घोड्याचा पाय कळतो, ना पोट. कौटिल्याचें मीठ घ्यावें, सुरा सोडावी, हा विवेक आपणांस करतां आला पाहिजे.

कातडीखालीं पाहण्याचें काम युरोपांत नेटानें झालें. इटलींतील बोलोन्या नगराच्या कार्लो रुईनी यानें लिहिलेला घोड्याच्या शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ १५९८ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्लंडांतील चित्रकार जॉर्ज स्टब्स यानें एका खेड्यांत राहून दीड वर्षांच्या सुमारास घोड्यांचीं शवें स्वतः विच्छेदिलीं, एकेक थर उलगडून रेखाटला, आणि १७६६ सालीं तीं चित्रें ग्रंथरूपानें छापलीं. तत्पूर्वीं १७६१ सालीं फ्रान्सांतील लियों येथें क्लोद बूर्झला यानें पशुवैद्यकाच्या पहिल्या विद्यालयाचा पाया घातला होता. आपल्याकडे मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. या सर्व परिश्रमांतून घोड्याच्या देहाविषयीं जें कळलें, त्यांतील मुख्य गोष्टी आतां पाहूं.

प्रथम चालण्याचें यंत्र. घोड्याच्या शरीरांत सुमारें २०५ हाडें असतात, म्हणजे जवळ जवळ माणसाइतकींच; परंतु त्यांची मांडणी निराळी. पुढच्या पायाचा ज्यास आपण गुडघा म्हणतों तो वस्तुतः मनगटाचा सांधा होय. मागच्या पायाचा जो सांधा मागें वळलेला दिसतो ती त्याची टांच. खूर म्हणजे मधल्या बोटाचें नख. माणसानें एकाच बोटाच्या टोकावर उभें राहून धांवावें, तसा हा प्राणी आयुष्यभर धांवत असतो. त्यास जत्रुक, म्हणजे गळ्याखालचें आडवें हाड, नसतें. पुढचे पाय छातीला केवळ स्नायूंनीं टांगलेले असतात, आणि शरीराचा सुमारें ६० टक्के भार त्यांवरच येतो. मनगटाखालीं व टांचेखालीं मांसल स्नायु जवळ जवळ नाहींत. आहेत त्या दोऱ्यांसारख्या शिरा व बंध. त्यामुळें पाय हलका राहून वेग साधतो. पण तेथें दुखापत झाली म्हणजे ती भरून येण्यास फार विलंब लागतो. याच बंधांच्या योगें सांधे जागच्या जागीं अडकवून घोडा उभ्यानें डुलकी घेऊं शकतो. गाढ झोपेसाठीं मात्र त्यास आडवें व्हावेंच लागतें. म्हणून आखूड दोरानें बांधलेला, बसण्यास कोरडी जागा नसलेला घोडा महिनोन्महिने अर्धजागृत राहतो.

खूर बाहेरून दगडासारखा दिसला तरी आंतून सजीव आहे. त्याची भिंत महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढते. भिंतीच्या आंतल्या बाजूस सुमारें ६०० नाजूक पडदे असतात, आणि आंतील हाडाला चिकटलेले तसलेच पडदे त्यांत गुंतलेले असतात. या गुंफणीवरच आंतील हाड, म्हणजे पर्यायानें सारा घोडा, लटकलेला आहे. प्रत्येक पावलागणिक खूर किंचित् फांकतो व मिटतो, आणि त्या दाबानें पायांतील रक्त वर ढकललें जातें. तेव्हां घोडा चालतो तें केवळ वाट कापण्यासाठीं नव्हे. चालण्यानेंच त्याच्या पायांत रक्त खेळतें. नालबंदानें चार ते सहा आठवड्यांनीं खूर तासून नाल बसविण्याची जी रीत आहे, ती हौस नसून निकड आहे.

छातीची रचनाही धांवेसाठींच. मध्यम घोड्याचें हृदय चार किलोग्रॅमांच्या आसपास भरतें. ऑस्ट्रेलियांतील फार लॅप या १९३२ सालीं मेलेल्या विख्यात शर्यतीच्या घोड्याचें हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जतन केलेलें असून त्याचें वजन ६.२ किलोग्रॅम आहे. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४० पडते. भरधाव सुटल्यावर तीच २२० च्या वर जाते. त्या वेळीं प्लीहा, जिला आपण पाणथरी म्हणतों, ती आकुंचन पावून आपल्या सांठ्यांतील तांबड्या पेशी रक्तांत सोडते. घोडा श्वास फक्त नाकानें घेतो, तोंडानें नाहीं. म्हणून नाकपुडी दाबणारी मोरखी किंवा गळा आवळणारा पट्टा म्हणजे त्याचा प्राणवायूच रोखणें होय.

आतां खाण्याचें यंत्र, आणि घोड्याचें खरें मर्मस्थान येथेंच आहे. नराच्या तोंडांत साधारणतः ४० दांत असतात, मादीच्या ३६. पुढच्या दांतांच्या जोड्या अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास बदलतात; म्हणून जाणता मनुष्य दांत पाहून वय सांगतो. दाढा झिजतात तशा हिरडींतून वर सरकत राहतात. वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्यानें दाढांच्या कडा धारदार होऊन गालास व जिभेस जखमा करतात. घोडा चघळलेलें गवत गोळा करून टाकूं लागला, तर तो माजला असें समजूं नये. पशुवैद्याकडून त्या कडा कानशीनें घासून घ्याव्या.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असून पहिला कप्पाच शंभर लिटरांहून अधिक मावणारा असतो. तिनें घाईनें चारा भरून घ्यावा आणि मग निवांत रवंथ करावें, अशी योजना आहे. घोड्याचें जठर अवघ्या ८ ते १५ लिटरांचें. त्यांत आम्लरस अखंड झिरपत असतो, अन्न असो वा नसो. त्या आम्लास शमविणारी लाळ मात्र तो चघळीत असेल तेव्हांच सुटते. एक किलो वाळलें गवत चघळण्यास घोड्यास सुमारें ४० मिनिटें लागतात, आणि एक किलो दाणा १० मिनिटांत संपतो. म्हणजे दाण्यावर ठेवलेल्या घोड्याची लाळ थोडी आणि आम्ल पुष्कळ. जठराला व्रण पडतात ते यामुळें. जठराच्या पुढें सुमारें २० मीटर लांबीचें लहान आंतडें, आणि त्यापुढें एक मीटरभर लांबीचें अंधांत्र व घड्या घातलेलें मोठें आंतडें. या मागच्या दोन पिशव्यांत शंभर लिटरांच्या आसपास ऐवज मावतो. तेथें असंख्य सूक्ष्म जंतु गवताचा काष्ठमय भाग कुजवून त्यापासून घोड्यास शक्ति मिळवून देतात. आपण घोड्यास चारतों असें म्हणतों. वस्तुतः आपण या जंतूंस चारीत असतों.

आतां माणसानें काय केलें तें पाहा. त्यानें घोड्यास तबेल्यांत बांधलें, आणि सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून चंदी घातली. लहान जठरांत एकदम पडलेला दाणा न पचतां मागें वाहून जातो. तेथें तो आंबतो, गवतावर जगणारे जंतु मरतात, विषारी द्रव्यें रक्तांत शिरतात, वायु कोंडतो. मोठें आंतडें एके ठिकाणीं एकाएकीं अरुंद होऊन उलट वळलें आहे. कोरडा चारा, थोडें पाणी आणि हालचाल नाहीं, असें झालें कीं तेथें तोंडा बसतो. यासच आपण पोटशूळ म्हणतों. घोड्यास वांती होत नाहीं. जठराच्या मुखाचा स्नायु इतका घट्ट, कीं आंत गेलेलें परत येत नाहीं, वेळप्रसंगीं जठर फुटतें. याच विषांचा दुसरा आघात खुरांतील त्या पडद्यांवर होतो. त्यांस सूज येऊन गुंफण सुटूं लागते, हाड खालीं सरकतें, आणि घोडा पुढचे पाय लांब टाकून मागें रेलून उभा राहतो. पोटांत चूक झाली आणि पाय गेला, हें ऐकून नवल वाटतें. पण चालणें आणि खाणें हीं दोन्ही मुळांत एकच असल्याचा याहून कठोर पुरावा नाहीं. तिसरा विकार युरोपांतील ओझ्याच्या घोड्यांत 'सोमवारचा रोग' म्हणून ओळखला जाई. रविवारीं काम बंद, पण चंदी पूर्ण. सोमवारीं जुंपतांच मांड्यांचे स्नायु लाकडासारखे ताठत आणि मूत्र काळसर होई. आजीच्या कोड्यांतील घोडा अडला तो याच कारणानें अडला असेल, तर नवल नाहीं.

यावरून आहाराचे नियम सहज निघतात. घोड्याच्या अन्नाचा पाया गवत हाच असावा. शरीराच्या वजनाच्या सुमारें दोन टक्के कोरडा आहार रोज लागतो, आणि त्यांतील दीड टक्का तरी चारा असावा. ४५० किलोंच्या घोड्यास हें वाळलें गवत सुमारें सात किलो होतें. गणपतीस आपण ज्या दूर्वा वाहतों त्या हरळीचें गवत घोड्यास अत्यंत मानवतें. लसूणघास पौष्टिक खरी, पण बेतानें द्यावी. चंदी कामाच्या मानानें द्यावी, आणि एका वेळीं दोन किलोंहून अधिक कधींच घालूं नये. हरभरा भरडून व भिजवून द्यावा. कोंडा स्वस्त म्हणून त्यावरच भर दिला, तर त्यांतील स्फुरद वाढून हाडांतील चुना कमी होतो आणि घोड्याचें तोंड सुजल्यासारखें फुगतें. कोवळी ज्वारी विषारी असते. ती घोड्यापुढें येऊंच देऊं नये. आहार बदलणें झाल्यास आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा, कारण आंतील जंतूंस नव्या अन्नाची संवय व्हावी लागते. पाणी दिवसास २५ ते ५० लिटर लागतें, उन्हाळ्यांत अधिक. आणि मीठ रोज सुमारें ३० ग्रॅम, घाम गाळणाऱ्या घोड्यास त्याहून जास्त.

माणसाचा दोष नसलेलेही रोग आहेत. १८८० सालीं ग्रिफिथ इव्हान्स यानें तेव्हांच्या पंजाबांतील डेरा इस्माइलखान येथें 'सर्रा' झालेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत वळवळणारे सूक्ष्म परोपजीवी पाहिले. चावऱ्या माशांनीं पसरणाऱ्या या रोगाचें कारण त्यामुळें कळलें, आणि हे जीव रोग उत्पन्न करतात असें प्रथमच दिसून आलें. अशा पशुरोगांच्या संशोधनासाठीं सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं पुण्यासच निघाली. ती पुढें १८९३ सालीं हिमालयांतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. धनुर्वाताची बाधा घोड्यास फार लवकर होते. त्याची लस नियमानें टोंचवावी. नाकांतून चिकट स्राव व अंगावर गांठी दिसल्यास शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, याची शंका घ्यावी. तो माणसासही होतो, आणि तो आढळल्यास सरकारी पशुवैद्यास कळविणें कायद्यानें बंधनकारक आहे.

घोडा पाळण्याचा प्रसंग आपल्यापैकीं फार थोड्यांवर येईल. पण भाड्यानें घेण्याचा प्रसंग सर्वांवर येतो, आणि जो पैसा देतो त्याच्या हातीं निवड असते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ सालीं उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविल्या, त्यांत घोड्यांच्या हालांचा विचार मुख्य होता. न्यायालय प्रत्येक वरातींत आणि प्रत्येक थंड हवेच्या ठिकाणीं येऊन उभें राहूं शकत नाहीं. कुटुंबांतील वडील माणूस राहूं शकतो. मुलांस घोड्यावर बसविण्यापूर्वीं इतकें पाहावें : बरगड्या मोजतां येतात काय, खोगिराखालीं जखम आहे काय, घोडा एखादा पाय चोरतो काय, उभें करण्याच्या जागीं सावली व पाणी आहे काय. स्वारासह खोगिराचें वजन घोड्याच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक नसावें, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे २५० किलोंच्या तट्टूवर भरल्या अंगाच्या प्रौढ माणसानें बसणें हा विनोद नव्हे, अन्याय आहे. घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहूं लागला, पायानें जमीन उकरूं लागला, उगाच लोळूं लागला, तर तो खेळत नाहीं. त्याच्या पोटांत कळ उठली आहे. अशा वेळीं चारा काढून घ्यावा, पशुवैद्यास बोलवावें, आणि बाटलीनें तेल किंवा काढा तोंडांत ओतूं देऊं नये. तो फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. आणि वरातीच्या घोड्यास प्रेमानें मूठ मूठ पेढे व भिजली डाळ चारणारीं मुलें असतील, तर त्यांचा हात धरून मूठभर गवत त्यांत द्यावें.

यांत भूतदयेपलीकडे कृतज्ञतेचाही भाग आहे. सर्पदंशावर जें औषध टोंचतात, तें भारतांत आजही घोड्यांच्या रक्तद्रवापासूनच तयार होतें. घोड्यास विषाच्या चढत्या मात्रा टोंचून त्याच्या रक्तांत विषाचा प्रतिकार उत्पन्न करतात, आणि तें रक्त थोडें थोडें काढून औषध सिद्ध करतात. ज्या शेतकऱ्याच्या पोरास साप चावून तें उठून बसलें, त्याच्या अंगांत तबेल्यांतील एका अनोळखी घोड्याचें रक्त कामीं आलेलें असतें. त्या प्राण्यास काय मानवतें आणि काय मानवत नाहीं, एवढें तरी आपण आपल्या मुलांस शिकवावें.